बंद मोटर आणि बाबांचा हात

घरी सीएनसी कोरीव यंत्र बनवणाऱ्या ग्रुपमधल्या सगळ्यांनो, चूक माझीच निघाली. लाल-काळी ही घरच्या वायरिंगची जोडी बाबांनी मला शाळेच्याही आधी शिकवली होती. स्टेपर मोटरच्या तारा मी तशाच जोडल्या, म्हणून ती आठवडाभर नुसती थरथरत होती. आज दोन-दोन तारा एकत्र धरून दांडा हातानं फिरवला. काळी-हिरवी धरल्यावर तो जड लागला, म्हणजे त्या दोन्ही एकाच कॉइलच्या. जोडी सापडली आणि मोटर फिरली!

बाबा नामांतराच्या वर्षी रेल्वेत लागले, पूर्णेला फिटर होते. डोळे मिटून यंत्रावर उजवा तळहात ठेवायचे आणि दोष सांगायचे. दिवाळीपासून त्यांची उजवी बाजू लुळी आहे.

"आण इकडं, बघू दे," ते म्हणाले. बोटं अडकू नयेत म्हणून मी वीज बंद करून त्यांचा उजवा हात मोटरवर ठेवला. कूलर घरघरत होता. मी चालू करणार, तेवढ्यात मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले, "लय गुळगुळीत फिरायली गं बाई. पास!"

मी बटण दाबलंच नाही. "हो बाबा," एवढंच म्हणाले.

वाकडा खिळासुद्धा ते मला उपटून पुन्हा ठोकायला लावायचे. त्यांना खरं सांगायला हवं होतं का?