व्याह्यांच्या गाडीची मागची काच

आमच्या मालकांना अक्कल कमी आहे असं मी म्हणत नाही. पण जावई समोर दिसला की आहे तीही गहाण पडते.

लेकीचं लग्न होऊन पहिलाच हिवाळा होता. आमचं गाव आष्ट्याच्या अलीकडं, चहूकडं ऊस. तरी विहिरीजवळचा एक तुकडा आम्ही शाळूला, म्हणजे रब्बीच्या ज्वारीला ठेवतो, हुरडा खायला. लेक-जावयाला हुरड्याला बोलवायचं माझं दिवाळीपासून चाललं होतं. शेवटी एका रविवारी ती दोघं साताऱ्याहून आली, आणि आली ती व्याह्यांच्या गाडीतून. लांबलचक काळी परदेशी गाडी. आत बसलं की बाहेर कुत्रं भुंकलेलं ऐकू येत नाही. गल्लीत वळेना म्हणून जावयांनी ती रानातच आणून बांधाकडेला चिंचेखाली लावली.

व्याह्यांबद्दल आधी सांगायला हवं. महाबळेश्वरला त्यांचं हॉटेल, साताऱ्यात बंगला. मूळचे माणदेशातले, कष्टानं वर आलेले, एवढं ऐकून होते. पण माणूस असा की एक शब्द जास्त बोलणार नाही आणि हसू तर तोंडावर औषधाला नाही. लग्नात अक्षता टाकतानासुद्धा कपाळाला आठी. मला त्यांची भीतीच वाटायची, खोटं कशाला बोलू. आणि आमची लेक पडली तोंडाळ. बापालाही सोडत नव्हती. ती त्या घरात कशी नांदणार, हा घोर मला सोयरीक जुळल्यापासून लागलेला. रोज संध्याकाळी फोन करायचे आणि फिरूनफिरून तेच विचारायचे, "मामा तुला बोलत न्हाईत न्हवं?" आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. ती म्हणायची, "मला कोण बोलतंय?" मला वाटायचं, पोरगी लपवतीय.

तर हुरडा. शेणकुटाच्या आगटीत कणसं भाजली, हातावर चोळली, जोडीला लसणाची चटणी, गूळ आणि दही. जावई हात आखडता घेत नव्हते, मला बरं वाटत होतं. तेवढ्यात त्यांची नजर माळ्याच्या खांबाला अडकवलेल्या गोफणीवर गेली. माळा म्हणजे पाखरं राखायला रानात बांधलेलं उंच मचाण.

"हे काय असतं?" त्यांनी विचारलं.

झालं. आमचे मालक फौजेतून रिटायर झालेले. निशाण्याचा विषय निघाला की त्यांना जेवण लागत नाही. धोतर असतं तर काष्टा मारला असता, पँट होती म्हणून नुसता पट्टा आवळला आणि शिडीवरनं माळ्यावर चढले. मी म्हटलं, "आवं, गुडघा दुखतोय न्हवं?" तर म्हणाले, "गोफण गुडघ्यानं मारत्यात व्हय?"

नदीतनं वेचून आणलेला गोल गुळगुळीत गुंडा त्यांनी गोफणीत घातला. समोर शाळूच्या शेंड्यावर पाखरांचा थवा बसला होता. "त्या मधल्या कणसाकडं बघा," असं जावयांना सांगितलं, डोक्याभोवती गोफण गरगर फिरवली आणि दोरी सोडली. समोरचं एकही पाखरू हललं नाही. आवाज मागनं आला.

काच फुटली म्हणजे तडा गेला असं नव्हे. गाडीची अख्खी मागची काच आधी जागच्या जागी पांढरी झाली, क्षणभर तशीच उभी राहिली, आणि मग पिशवीतून खडीसाखर ओतावी तशी आत सांडली. पाखरं मग उडाली.

मालक माळ्यावर हातात गोफण धरून सावधानमध्ये उभे. जावयांच्या तोंडातला हुरडा तोंडातच. आणि आमची लेक हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तात्या," ती म्हणाली, "पाखरू तिकडं हुतं."

मला त्या वेळी तिघांनाही चिंचेला बांधावंसं वाटत होतं.

जावई एकच बोलले, "पप्पांना मंगळवारी ह्याच गाडीतून साखरपुड्याला जायचंय." त्यांचा चेहरा बघून मला उलट त्यांचीच दया आली. विम्यातून करावं तर गाडी व्याह्यांच्या नावावर, मेसेज थेट त्यांच्या मोबाइलवर जाणार. लेक म्हणाली, "मी आत्ता मामांना फोन करून सांगते. एवढं काय त्यात?"

"फोनला हात लावशील तर बघ," मी म्हटलं. "तुझ्या बापाच्या प्रतापासाठी जन्मभर टोमणे ऐकायचेत व्हय तुला?"

"आगं आई, मामा तसले न्हाईत."

"तुला काय कळतंय?"

जावई माझ्या बाजूनं होते. पोटचा पोरगाच बापाला एवढा भितोय म्हटल्यावर माझी तर खात्रीच झाली. ठरलं असं की कुणाला कळायच्या आत काच बदलायची, आणि पावसाचं काही सांगता येत नाही तशी लेकीच्या तोंडाचीही खात्री नव्हती, म्हणून मी तिला माझ्या गळ्याची शपथ घातली. मला विचारल्याशिवाय विषय काढायचा नाही.

कुपवाडला गाड्यांच्या काचा बसवणारा एकजण मालकांच्या ओळखीचा होता. त्यानं फोनवर गाडीचं नाव ऐकलं आणि आधी शिटी मारली. पण पुण्यात कुणाकुणाला फोन करून, त्याच गाडीची काच गादीत गुंडाळून ट्रॅव्हल्सनं मागवून घेतली. सोमवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. मागच्या भगदाडाला खताच्या पिशव्या उसवून चिकटपट्टीनं लावल्या होत्या. एवढी देखणी गाडी, आणि तिच्या पाठीवर ठळक अक्षरांत 'युरिया'. सांगलीच्या रस्त्यानं मागून येणारा प्रत्येक मोटारसायकलवाला जवळ येऊन वाचायचा आणि पुढं जाऊन आत कोण बसलंय ते बघायचा. मी पदर तोंडावर ओढून बसले.

काचवाला गोल तोंडाचा, बोलका माणूस. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "कशानं फुटली?"

"दगड उडाला," मालक म्हणाले.

"मागनं?"

"मागनंच उडाला की."

काचवाल्याच्या माणसांनी आतले काचेचे दाणे झाडून काढले, कडेचा जुना काळा चिकटा तारेनं कापला, कडा पुसून नवा चिकटा सगळीकडनं ओढला. मागच्या सीटखाली हात घालून त्यानं काहीतरी बाहेर काढलं आणि तळहातावर धरलं. आमचा गुंडा.

"मालक, हा उडालेला दगड न्हवं. हा गोफणीचा हाय," तो म्हणाला, आणि असा खो खो हसला की शेजारच्या कारखान्यातले दोघं बघायला आले. मालकांनी गुंडा काढून घेतला आणि खिशात घातला.

मग दोघांनी रबराच्या वाट्या काचेला चिकटवून ती उचलली. नवी काच एवढी स्वच्छ की तिच्यात कुपवाडचं आभाळसुद्धा चांगलं दिसत होतं. ती अलगद जागेवर बसली, आतल्या बारीक तारा जोडल्या, कडेला पट्ट्या मारल्या. थोड्या वेळानं पट्ट्या काढल्यावर मी हात जोडले. कुठल्या देवाला ते मलाही माहीत नाही.

"एक ध्यानात ठेवा," काचवाला म्हणाला. "उद्यापतोर दारं आपटायची न्हाईत. सगळं बंद करून दार आपटलं की आतली हवा काचेवर येती, चिकटा अजून ओला हाय. एक खिडकी बोटभर उघडी ठेवा आन् दार हळू लावा."

हे आमच्या माणसांना सांगणं म्हणजे म्हशीला गाणं शिकवणं. आमचा सगळा जन्म माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये गेला. दार दोन्ही हातांनी आपटल्याशिवाय ते लागलं असं आम्हाला वाटतच नाही. मालक तर फौजेच्या ट्रकमधून उतरलेले. म्हणून मी साताऱ्यापर्यंत सोबत जायचं ठरवलं, आणि मालकही निघाले म्हणून त्यांना दाराला हात लावायची बंदी केली. कऱ्हाडला चहाला थांबलो तेव्हा मी खाली उतरून चारी दारं एकेक करून लावली, तान्ह्या पोराच्या अंगावर दुपटं घालावं तशी. हॉटेलवाला बघत राहिला.

सातारा जवळ आला तशी मी मागं वळूनवळून काचेकडं बघायला लागले. लेक पुढं बसून गाणी लावत होती. तिला कसलीच फिकीर नव्हती. मी मनात म्हणत होते, आजचा दिवस निभावू दे, पोरीला कुणी वेडंवाकडं बोलू देऊ नको.

व्याही फाटकातच उभे होते. आठी जागेवर. "या," म्हणाले, तेवढंच. आम्ही चौघं एकेक करून उतरलो, दारं दोन बोटांनी लावली, आणि चौघंही गाडीपासून दूर होऊन हात बांधून उभे राहिलो. हुरड्याची आणि गुळाची पिशवी मागच्या सीटवरच राहिली होती. व्याह्यांनी ती पाहिली. मी "राहू द्या, मी घेते" म्हणेपर्यंत त्यांनी दार उघडलं, पिशवी घेतली आणि आपल्या माणदेशी हातानं दार लावलं. धाडकन.

आणि त्याच क्षणी लेकीचा आवाज आला.

"आवं मामा! हळू की जरा. नवी काच हाय ती."

जावयांनी डोळे मिटले. मालकांचा हात खिशातल्या गुंड्यावर गेला. मला वाटलं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. शपथ घातलेली, तीही माझ्या गळ्याची.

व्याह्यांनी सुनेकडं बघितलं. मग दाराकडं. मग हातातली पिशवी खाली ठेवून ते वाकले आणि मागच्या काचेवरनं हात फिरवत म्हणाले, "फुटली न्हाई न्हवं गं?"

"न्हाई. पण असं आपटत जाऊ नका, किती वेळा सांगितलंय तुमाला."

"बरं," व्याही म्हणाले.

मी ऐकतच राहिले. तो आवाज मला पाठ होता. ओट्यापाशी उभी राहून बापाला "चपला बाहेर काढा" म्हणते तो हाच. परक्याला कुणी असं बोलत नाही. आणि ते एवढे मोठे, करडे व्याही शाळेतल्या पोरासारखे खाली मान घालून "बरं" म्हणत होते. मग हळूच त्यांनी विचारलं, "पण नवी काच कशापायी?"

आता सांगणं भाग होतं. मालक पुढं झाले, खिशातनं गुंडा काढला आणि व्याह्यांच्या हातावर ठेवला. "चूक माझी हाय," म्हणाले. "गोफण मारत हुतो."

व्याह्यांनी गुंडा तळहातावर वर-खाली करून तोलला. "निशाणा कशावर धरला हुता?"

"पाखरावर."

"गाडी कुठं हुती?"

"मागं."

व्याह्यांचा चेहरा आधी तसाच राहिला. मग मिशी हलली. मग ते हसायला लागले ते थांबेनातच. "फौजेत असंच मारत हुता व्हय? मग दुश्मन लय सुखात असंल." विहीणबाई आतून धावत आल्या, काय झालं म्हणून. व्याह्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्यात गुंडा धरला आणि अंगणात उभं राहून दोरी कधी सोडायची ते मालकांना शिकवायला लागले. "लहानपणी सगळा शाळू मी एकट्यानं राखलाय," म्हणाले, "माझी गोफण अजून गावच्या घरात हाय." "मामा, आधी गाडी बाजूला घ्या," लेक ओसरीवरनं म्हणाली. त्यांनी मुकाट्यानं टॉवेल खांद्यावर टाकला.

चहा झाला. पुढच्या रविवारी हुरड्याला येतो, असं व्याही आपणहून म्हणाले. "आन् गाडी आणत न्हाई. एसटीनं येतो." निघताना आम्हाला स्टँडवर सोडायला ते स्वतः आले. मी मागं बसले. व्याह्यांनी माझ्या बाजूचं दार दोन बोटांनी धरलं, अगदी हळू लावलं, आणि ओसरीकडं बघितलं. लेक बघत होती. तिनं मान हलवली. मग ते गाडीत बसले.

एसटीत खिडकीशी बसल्यावर मला रडू आलं. लग्नात पाव्हण्यांच्या गडबडीत रडायचं राहून गेलं होतं, ते तेव्हा आलं, पण सुखानं. मालकांना वाटलं मी अजून काचेसाठी रडतीय. ते म्हणाले, "दोरी जरा आधी सुटली गं." मी म्हटलं, गप बसा.

कऱ्हाडच्या पुढं दिवस मावळला. सवयीनं मी लेकीला फोन लावला. नेहमीचा प्रश्न ओठावर आला होता. तो गिळला आणि म्हटलं, "काय गं, मामांना लय बोलत न्हाईस न्हवं तू?"

"बोलते की," ती म्हणाली. "ऐकत्यात बिचारे."