सर खिडकीबाहेर पाहतात

आमच्या साडूंसारखा ऐकणारा माणूस उभ्या वऱ्हाडात दुसरा नसेल. बोलणारे आमच्याकडे गल्लोगल्ली सापडतात. ऐकणारे हे एकटेच, आणि त्यांनीही जन्मभर एकाच माणसाचं ऐकलं, ते म्हणजे अमरावतीचे नाटकाचे सर. सर पोरांना अभिनय शिकवायचे आणि साडू त्यांची छत्री, चष्मा आणि चहा सांभाळत त्यांच्या तोंडून पडेल ते टिपून घ्यायचे. वही वेळेवर कधी सापडली नाही. लग्नपत्रिकेची पाठ, एसटीचं तिकीट, औषधाची पिशवी, काहीही चालायचं. मेहुणी म्हणायची, "मी बोलली त याहिले आयकू येत नाई, सर खोकलले तरी लिहून घेतेत!" आणि ते खरंच होतं. खोकला लिहिलेला मी स्वतः पाहिला आहे. दर्यापूरच्या एका लग्नात मुलीची पाठवणी चालली होती, सगळा मांडव रडत होता आणि साडू मात्र नवरीच्या कोपराशी वाकून टिपण घेत होते. नवरीचा मामा भडकला, "काय पाहून राहिले, पाव्हणे?" साडू शांतपणे म्हणाले, "रडणं पयले खांद्यात येते, मंग डोयात. सर बरोबर सांगत होते."

सर गेल्यावर या टिपणांचं पुस्तक करायचं ठरलं. मी अकोल्याच्या जठारपेठेतला निवृत्त मराठीचा मास्तर, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. साडू कागदांचं बोचकं मांडीवर घेऊन एसटीनं आले. "एक अक्षर इकडचं तिकडं करू नका, साडभाऊ," म्हणाले. मी एकही अक्षर जागेवर ठेवलं नाही. बाप वारल्याची खबर ऐकून मुलगा घरात येतो, असा सरांचा एक पाठ होता. त्यात सर म्हणतात, "बाप मेला अन् तू चपला जोडून ठेवून राहिला? सासुरवाडीले आला काय बे?" मी लिहिलं, 'प्रवेश करताना पात्राची मनोवस्था ध्यानात घ्यावी.' 'बे' काढले, चहा काढला, खोकला काढला. अधूनमधून 'सर खिडकीबाहेर पाहतात' असं एक वाक्य यायचं. त्यात कसला आलाय अभिनय? तेही सगळीकडून काढलं. पुढे दिवाळीच्या साफसफाईत ते बोचकं रद्दीत घातलं.

पुस्तक निघालं. सरांचे जुने विद्यार्थी जमले. त्यातल्या एकानं चार पानं चाळून हळूच विचारलं, "हे सर कोनते?" साडूंनी मुखपृष्ठावरून हात फिरवला. "छपाई झकास हाये," म्हणाले, आणि मग कागद परत मागितले. मी सांगितलं, वाळवी लागली.

साडू म्हणाले, पुन्हा लिहू. पण बसल्या बसल्या त्यांना काही आठवेना. समोर कोणीतरी चुकलं की मात्र सर त्यांच्या तोंडून धडाधडा बाहेर पडायचे. म्हणून दर रविवारी अमरावतीला जाऊन वाईट अभिनय करण्याचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी मला कष्ट पडत नाहीत. बाप वारलेला मुलगा होऊन मी दारातून आत येतो, साडू सरांच्या आवाजात माझी खरडपट्टी काढतात, मेहुणी स्वयंपाकघराच्या दारात पदराआड हसते आणि मी सगळं लिहून घेतो, 'बे'सकट.

अशाच एका रविवारी मी न राहवून रद्दीचं खरं सांगून टाकलं. "मले मालूम हाये," साडू म्हणाले. "वाळवी सांगतानी तुमी लय हात हलवले. खऱ्या माणसाले हात आठवत नाईत, सर म्हनत." मी मान खाली घालून तेही लिहून घेतलं.

मागच्या आठवड्यात मात्र त्यांचा फोन लागेना. सकाळपासून लावला, मेहुणीचाही उचलला जाईना. शेवटी मिळेल ती बस पकडून निघालो. जिना चढताना एक चप्पल कुठे गळाली ते कळलं नाही, दुसरी पायातच राहिली आणि मी तसाच आत शिरलो. साडू खुर्चीत बसून चहा पीत होते. फोन बंद पडून कोपऱ्यात पडला होता. मेहुणी देवळात गेली होती.

त्यांनी सवयीनं तोंड उघडलं, माझ्या पायांकडे पाहिलं आणि मिटलं. मग मान वळवून कितीतरी वेळ बाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत राहिले.

"अहो, काही बोला तरी. काय लिहू?"

"इथं सर काई बोलत नसत," ते म्हणाले. आवाज त्यांचा स्वतःचाच होता. "पोरानं बरोबर केलं का त्याहिले बोलनं होत नसे."

मी कागद पुढे ओढला आणि लिहिलं, 'सर खिडकीबाहेर पाहतात.'