मालिकेवरून पारखलेली सासू

माझी शाळा चौथीपर्यंत. मालिका कळायला तेवढी पुरते. चार दिवस बघितलं नाही तरी काही बिघडत नाही. पाचव्या दिवशी बाई त्याच जिन्यावर तेच आरतीचं ताट घेऊन उभी असते. दुपारी आदल्या दिवशीचा भाग पुन्हा लागतो, तेव्हा शेजारच्या दोघी आमच्या ओटीवर सुपारी सोलायला येतात. हात सुपारीवर, डोळे टीव्हीवर. त्यातली सासू झोपतानाही नथ काढत नाही. कूस बदलली की उशी फाटत असेल, असं मी म्हणते. एका शेजारणीला त्यातला नवरा फार आवडतो. मला नाही आवडत. मी बघायला लागल्यापासून तो ऑफिसला निघालाय आणि अजून दारातच आहे.

नातीला बघायला दिघीकडचे पाहुणे आले ते नेमके त्याच वेळी. मुलगा आणि त्याची आई, दोघंच. फेरीबोट चुकायला नको म्हणून आधीची पकडली आणि आगरदांड्याला उतरून तासभर अगोदर दारात हजर. सुपारीची टरफलं लोटायलाही वेळ मिळाला नाही.

नात तालुक्याच्या दवाखान्यात नर्स आहे. महिन्यातला एक आठवडा रात्रपाळी. याआधीची दोन स्थळं तेवढ्यावरूनच मोडली होती. नोकरी सोडायला लावणारं घर नको, असं तिनं आम्हाला बजावलं होतं. पण बघण्याच्या दिवशी आमच्यात असलं काही तोंडावर विचारत नाहीत. ते नंतर मधला माणूस काढतो, तोवर गावभर लग्न ठरलेलं असतं आणि मग मोडतं.

माझी सून टीव्ही बंद करायला उठली तर मुलाची आई म्हणाली, राहू द्या, आमच्याकडंपण हीच बघतात. मला आयतंच सापडलं. त्या दिवशी पडद्यावरची सून नोकरी सोडू का नको म्हणून रडत होती. मी विचारलं, "हिनं काय करावं, तुमच्या मतानं?"

"सोडावी," बाई पोहे खाता खाता म्हणाली. "कधीच सोडायला पायजे होती."

संपलं स्थळ. मी स्वयंपाकघरात गेले आणि नातीला सांगितलं, चहा टाकलास तो आपणच पिऊ, यांना पोह्यांवर वाटेला लावते. बाई काय बोलली तेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, कप भरले आणि ट्रे घेऊन सरळ बाहेर गेली.

ट्रे ठेवून ती उभ्या उभ्याच म्हणाली, "मला रात्रपाळी असते. लग्नानंतरपण असणार. तुम्हाला चालेल का?"

माझ्या सुनेचा चेहरा उतरला. शेजारणींचे हात थांबले. बाईनं रिमोट घेऊन आवाज बारीक केला.

"माझं जेटीवर चहाचं दुकान हाय," ती म्हणाली. "तीनला उठते, बोटवाल्यांसाठी. तू रात्रीची कामाला गेलीस तर मी कुठल्या तोंडानं बोलू?"

मला राहवलं नाही. आत्ता तर म्हणालात नोकरी सोडावी, असं मी विचारलंच.

"तिनं सोडावी, आजी. इतके दिवस बघते, हापिसात एक कागद हलवला न्हाय तिनं. नुसती रडते. त्या जागी दुसरी कुणी काम तरी करील."

शेजारणी खो खो हसल्या. मी हसले नाही. रोज बघून ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, त्याचा मला राग आला होता.

नातीनं मग मुलाकडे तोंड केलं आणि त्याचं काय म्हणणं, ते विचारलं. तो म्हणाला, पहाटे आईला दूध तापवून मीच देतो, मला जागरणाचं काय. एवढं बोलायला त्याला अर्धा कप चहा लागला.

नात खुर्ची ओढून बसली आणि ट्रेमधला एक कप तिनं स्वतःला घेतला. बघायला आलेल्यांसमोर मुलीनं चहा प्यायची आमच्यात रीत नाही. मी तोंड उघडलं होतं, पण सुनेनं माझ्या हातात चहाची बशी दिली.