बोअरमध्ये अडकलेला पंप आणि पाठमोरा संत अंतोनी

"साखळी ओढू नका सावंत, जपमाळेची वेळ झाली," पास्कूभाऊ म्हणाले. मी हातात साखळी धरून तसाच उभा राहिलो.

बोअरवर तिवई उभी होती आणि तिला चेन ब्लॉक टांगलेला. चेन ब्लॉक म्हणजे साखळी ओढून जड वजन उचलायची कप्पी. खाली जमिनीच्या पोटात फिलोमावशींचा पंप अडकला होता. आता कुठे जोर लावला होता, आणि हे म्हणतायत थांबा! माझं डोकंच फिरलं.

नव्वदच्या दशकातला मे महिना, गाव गिरीज. मी नालासोपाऱ्यात राहायचो आणि वसईभर बोअरचे पंप दुरुस्त करत फिरायचो. सबमर्सिबल पंप म्हणजे पाण्यात बुडून राहणारी लांबट मोटर. ती पाइपला लटकलेली असते. मावशींचा पाइप जॉइंटला तुटला, पंप खाली बसला आणि त्याच्या अंगाभोवती वाळू दाटली. पंप काय, दुसराही मिळतो. पण अडकलेला निघाला नाही तर बोअरच मेली.

आणि मावशींची सगळी वाडी त्या बोअरवर. बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, आटलेलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट झालेलं. राजेळी केळी घडावर आलेली आणि पानं कडेनं करपायला लागलेली.

"ही केळी ह्यांच्या हातची आहेत हो," मावशी सकाळीच म्हणाल्या होत्या. त्यांचे मिस्टर आदल्या वर्षी गेले होते. "एवढी जगू द्या."

असं कुणी बोललं की कामाला दहा फाटे फोडायची सोय राहत नाही. मी टॅप खाली सोडला. टॅप म्हणजे टोकाला आटे पाडलेला लोखंडी दांडा. तो तुटक्या पाइपात फिरवून घट्ट बसवायचा आणि मग ओढायचं. टॅपने पाइप नीट धरला. मी खूश झालो.

बोअरशेजारी उपड्या बादलीवर संत अंतोनीची मूर्ती ठेवली होती. हरवलेली वस्तू शोधून देणारा हा संत. पण त्याचं तोंड गोठ्याच्या भिंतीकडे. मला वाटलं, घाईत उलटी ठेवली असेल. मी आपली नीट फिरवून ठेवली.

"अहो, काय केलंत हे!" मावशी धावतच आल्या. "काम व्हायच्या आधीच त्याला सोडलंत? माझ्या सासूची पद्धत आहे. वस्तू मिळेपर्यंत तोंड भिंतीकडे!"

"देवमाणसाला शिक्षा?"

"शिक्षा कसली? आठवण. आणि फादरना सांगू नका."

संत पुन्हा भिंतीकडे वळले. मी साखळीकडे वळलो. त्या काळी आमची पद्धत एकच होती. ताण द्या आणि झटके मारा. मी झटका दिला. पंप हलला नाही, पाइप मात्र कुरकुरला. माझा मदतनीस बबन मालवणचा, माझ्यापेक्षा वयानं मोठा. तो हळूच म्हणाला, "मालकानू, पाइप तुटतलो हां." टॅपच्या तोंडाशी पाइप पुन्हा तुटला तर धरायलाच काही उरणार नव्हतं. हे मला कळत होतं. तरी मी दुसऱ्या झटक्यासाठी हात वर नेला, आणि तेवढ्यात चर्चची दुपारची घंटा झाली.

पास्कूभाऊ म्हणजे मावशींचे थोरले दीर. जपमाळ तेच सांगायचे. शेजारच्या बायका आल्या, बोअरभोवती गुडघे टेकून बसल्या. साखळीचा खडखडाट प्रार्थनेत चालणार नव्हता.

"ताण सोडू काय?" बबननं विचारलं.

"राहू दे. कोण पुन्हा चढवत बसणार!" मी चरफडत केळीच्या सावलीला बसलो.

पास्कूभाऊंना अजिबात घाई नव्हती. मधेच त्यांचा डोळा लागला. जागे झाले तेव्हा कुठपर्यंत आलो ते आठवेना. बायकांनी सांगितलं ते पटेना. मग ते रहस्य, म्हणजे जपमाळेतला दहा प्रार्थनांचा टप्पा, पुन्हा पहिल्यापासून! मी कपाळाला हात लावला. बबन मात्र एव्हाना बायकांच्या सुरात "आमेन" म्हणायला लागला होता.

मग मावशी स्वतःच्या शब्दांत बोलू लागल्या. डोळे मिटलेले, आवाज साधा, समोर कुणी बसलंय असा.

"देवा, तुला खूप कामं आहेत, मला कळतं. पण पाणी दे. द्यायचं नसेल तर उद्या सकाळी उठायचं बळ दे. पण आधी पाणी दे."

मीही हात जोडले. कुणाला ते माझं मलाच ठाऊक नाही.

आणि खालून 'टक' असा आवाज आला. तिवई करकरली आणि ताठ साखळी एकदम सैल पडली. पंप सुटला की पाइप तुटला? मी उडी मारून उठलो. पास्कूभाऊंनी डोळे न उघडता हात वर केला.

"लितानी बाकी आहे."

लितानी म्हणजे जपमाळेनंतरची विनंत्यांची लांबलचक माळ. किती संत आहेत हो ह्या लोकांचे! एकेकाचं नाव निघत होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटचं आमेन मीच सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं.

साखळी ओढली. वजन होतं! पंप वाळू गाळत, कुरकुर न करता वर आला. संध्याकाळी नव्या जॉइंटवर खाली सोडला. आधी गढूळ, मग स्वच्छ पाणी राजेळीच्या पाटात धावलं. मावशी पाटात पाय बुडवून उभ्या राहिल्या आणि रडल्या.

मी शहाणपणा केलाच. "मावशी, झटक्यानं वाळू आणखी घट्ट बसते. नुसता ताण ठेवला तर हळूहळू वाट देते. इतका वेळ तो राहिला म्हणून पंप सुटला."

"असेल. पण तुम्हाला इतका वेळ बसवलं कुणी?"

"पास्कूभाऊंनी," बबन म्हणाला.

मावशी हसल्या. पदरानं मूर्तीच्या तोंडावरचा चिखल पुसून त्यांनी तिला वाडीकडे वळवलं.

तेव्हापासून अडकलेल्या पंपाला मी झटका देत नाही. ताण चढवतो आणि सावलीत बसतो. परवाच विरारच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी वैतागले. "अहो सावंत, नुसते बसलात काय? किती वेळ लागेल अजून?"

"एक जपमाळ," मी म्हटलं. "लितानीसकट."