पाहुणी भवानीनगरला उतरली

मी लहानपणापासून भाषणं ठोकत आले. ठोकत हाच शब्द बरोबर आहे. इंदापूर तालुक्यातली वक्तृत्व स्पर्धा म्हटली की आमच्या शाळेकडून मी ठरलेली. "आदरणीय अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" इथपर्यंत एका दमात जायचं, मग हुंडा, वृक्षारोपण, साक्षरता, जो विषय असेल त्याचं पाठांतर, आणि शेवटी "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते". कुठल्या वाक्याला हात वर करायचा हेसुद्धा गुरुजींनी ठरवून दिलेलं असे. वरकुट्याच्या आमच्या घरात कपाटावर ढाली साठल्या होत्या आणि आई त्या ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा मांडायची.

या भाषणांच्या जोरावरच नव्वदच्या दशकात मी परदेशी जाऊन आले. बारामतीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते आणि मुलींच्या होस्टेलवर राहायचे. डेन्मार्कमधल्या एका कॉलेजशी आमच्या कॉलेजनं ठरवलं की आपली तीन मुलं दिवाळीनंतर तिकडं जातील, त्यांची तीन संक्रांतीनंतर इकडं येतील. चारचौघांत बोलायचं कसं, एखाद्याची बाजू मांडायची कशी, हे सगळ्यांनी मिळून शिकायचं. अट एकच होती. तिकडं ज्याच्या घरी तुम्ही राहाल, तो इकडं तुमच्या घरी राहील. कऱ्हाटीच्या एका बागायतदाराचा मुलगा, भवानीनगरच्या कारखान्यातल्या एका अधिकाऱ्याची मुलगी आणि मी, असे आम्ही तिघं निवडले गेलो.

तिथल्या बाईंनी मला पहिल्याच तासाला बोलायला उभं केलं. मी इंग्रजीत पाठ केलेलं सुरू केलं, हात वर केला, आणि बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, "हे तू कुणासाठी बोलते आहेस?" मला कळेचना. स्पर्धेसाठी, असं उत्तर तोंडावर आलं होतं, ते गिळलं. मग त्या म्हणाल्या, इथं समोर बसलेल्या कुणाकडं तरी एक गोष्ट माग, खरंच हवी असलेली, आणि ती त्यानं का द्यावी हे सांग. मी थंडीनं कुडकुडत होते. खिडकीजवळच्या मुलाला म्हटलं, बाबा रे, ती खिडकी लाव, मी उन्हातल्या गावची आहे, माझे दात वाजतायत. तो उठला आणि त्यानं खिडकी लावली. इतक्या ढाली मिळवल्या, पण माझ्या बोलण्यानं जगात काहीतरी हललं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

बाकी तिथले दिवस एकटेपणाचे गेले. दुपारी चारलाच अंधार पडायचा. रस्त्यात माणूस दिसला तरी कुठं निघालास म्हणून विचारायची सोय नाही. जेवताना सुऱ्याकाट्यांचाच काय तो आवाज. मी न्हाणीघरात नळ सोडायचे आणि स्वतःशी मराठीत बोलायचे, वेड लागल्यासारखी. माझ्यासोबतची दोघं दुसऱ्या गावांत राहत होती, आणि खरं सांगायचं तर ती जवळ असती तरी त्यांच्याशी माझं फार जमलं नसतं.

पण जिच्या घरी मी राहिले ती मुलगी लाखात एक होती. माझं तोंड उतरलेलं दिसलं की जिन्यात येऊन शेजारी बसायची, काही विचारायची नाही. तिची आई माझ्यासाठी भात शिजवायची. त्याचा लगदा व्हायचा, पण माझ्यासाठी म्हणून केलेला, मी चाटूनपुसून खायचे. दोघी माझ्या आईबद्दल खोदून खोदून विचारत. ती चुलीवर भाकरी कशी थापते ते मी रिकाम्या हातांनी करून दाखवलं, तर दोघी टाळ्या वाजवून हसल्या. निघताना मुलगी म्हणाली, "मला तुझ्या आईच्या शेजारी बसून भाकरी करायची आहे." मी म्हटलं, ये तर खरं.

हे घरी सांगितलं आणि आईच्या अंगात वारं शिरलं. भिंतींना चुना झाला. बुद्धाच्या तसबिरीला नवी काच आली. अण्णा, म्हणजे माझे वडील, इंदापूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. त्यांनी रजा टाकली आणि माझ्या गवंडी चुलत्याला हाताशी धरून परसात संडास बांधला. आमच्या वस्तीतला तो पहिला संडास. तो बघायला माणसं यायची आणि दार उघडून आत डोकावून जायची.

आई म्हणायची, "तिला तिखाट सोसंल का गं? मी बिनतिखटाची आमटी करून बगते." आणि आठवडाभर आम्हाला ती बेचव आमटी गिळायला लावली.

अण्णा वैतागून म्हणाले, "अगं, ती यायच्या आदीच आमी आजारी पडू."

संक्रांतीच्या सुमारास कॉलेजात स्वागत समितीची बैठक झाली, मलाही बोलावलं होतं. समितीत आमचे दोन प्राध्यापक आणि गावातले काही प्रतिष्ठित. एका सरांनी राहण्याची व्यवस्था वाचून दाखवली. मुलगा कऱ्हाटीला, बागायतदारांच्या बंगल्यावर. दोन्ही मुली भवानीनगरला, अधिकाऱ्यांच्या क्वार्टरमध्ये.

"दोघी एकत्र राहतील, एकमेकींना सोबत होईल," सर माझ्याकडं न बघता म्हणाले.

कुणी जातीचं नाव घेतलं नाही. घ्यावंच लागत नाही. आमच्याकडं या गोष्टी चहात साखर विरघळावी तशा विरघळवलेल्या असतात. सोबत, सोय, लांब पडतं, बाहेरच्या लोकांपुढं तालुक्याची शोभा, असे सगळे गोड शब्द. मी उभी राहिले.

त्या दिवशी मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण केलं. आदरणीय नाही, पूज्य नाही, हात खाली. म्हटलं, "मला तुमच्याकडं एक गोष्ट मागायची आहे. माझी पाहुणी माझ्या घरी राहू द्या. मी तिच्या घरात राहिले, तिच्या आईच्या हातचं जेवले. तिनं माझ्या आईकडं यायचं कबूल केलंय. अटही तीच आहे. आम्ही घर सारवलंय, रंगवलंय, संडास बांधलाय. माझ्या घरात अजून काय कमी आहे ते सांगा, मी आठवड्यात भरून काढते. सांगता येत नसेल, तर तिला पाठवा."

सगळे माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, जिंकले. मग मधल्या खुर्चीवरचे अध्यक्ष टाळ्या वाजवू लागले आणि त्यांच्यामागं सगळेच.

"वा! प्रशिक्षण सार्थकी लागलं म्हणायचं," अध्यक्ष म्हणाले. "काय ती फेक! काय ती शब्दयोजना!"

"आणि हातवारे अजिबात नाहीत," दुसरे सर म्हणाले. "निरोपाच्या कार्यक्रमात आभार हिच्याकडंच द्या."

आणि पुढचा विषय निघाला, स्वागताचा बॅनर कुठं लावायचा. मी उभीच होते. बसायला सांगायचंही कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. त्यांनी मला फसवलं असं मला आजही वाटत नाही. त्यांनी माझं मनापासून कौतुक केलं. पोरीचं भाषण म्हणजे ऐकायचं, वाहवा म्हणायचं आणि ढाल द्यायची, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यातून कुणी काही मागत असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बाहेर आल्यावर व्यवस्था वाचून दाखवणाऱ्या सरांनी मला व्हरांड्यात गाठलं. "वाईट वाटून घेऊ नकोस. आणि पाहुण्यांसमोर हा राहण्याचा विषय काढू नकोस, कॉलेजची शोभा होईल. एखाद्या दुपारी नेऊ तिला तुमच्याकडं जेवायला. बघू."

शनिवारी मी घरी गेले आणि सांगितलं. अण्णा उठून परसात गेले. आई म्हणाली, "ऱ्हायला न्हाय तर न्हाय. जेवाया येनार न्हवं? मग झालं."

पाहुणे आले. हार झाले, फेटे झाले, भाषणं झाली. माझी मैत्रीण मला बघून गळ्यातच पडली. पण मग एक विचित्र गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. ती वरकुट्याचं नाव काढत नव्हती. माझ्या आईबद्दल चकार शब्द विचारत नव्हती. आई म्हटलं की नजर खाली घालायची आणि माझा हात दाबून विषय बदलायची. मला तिचा राग येऊ लागला. वाटलं, क्वार्टरमधल्या गाद्या आवडल्या असतील बाईसाहेबांना. तिकडं जिन्यात बसणारी मुलगी ही नव्हेच. रोज कार्यशाळेत आम्ही शेजारी बसून दुसऱ्यांची बाजू कशी मांडावी ते शिकत होतो आणि एकमेकींशी बोलत नव्हतो. डेन्मार्कमध्ये परकेपणानं एकटी पडले होते. बारामतीत, माझ्याच माणसांत, त्याहून जास्त एकटी पडले.

रविवारी गाडीतून सगळ्यांना उजनीच्या पाण्यावरचे पक्षी दाखवायला नेलं. वाट आमच्या गावावरूनच होती, म्हणून आईला मी निरोप धाडला होता की दुपारी येऊ. परतताना आमच्या गावचा फाटा दिसू लागला तशी मी पुढं वाकून म्हटलं, "सर, इथून आत." सरांनी घड्याळ बघितलं. "उशीर झालाय गं. पुन्हा बघू." ड्रायव्हरनं गाडी हळूसुद्धा केली नाही. फाट्यावर अण्णा उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, आम्हाला वाट दाखवायला. त्यांनी हात वर केला. तो हात आमच्या मागं तसाच वर राहिलेला मी काचेतून बघितला. मैत्रिणीला सांगावं, ते बघ माझे वडील, असं मनात आलं. पण रागानं माझी दातखीळ बसली होती.

निरोपाचा कार्यक्रम कॉलेजच्या सभागृहात झाला. तो संपला की पाहुणे थेट विमानतळाच्या रस्त्याला लागणार होते. तिन्ही पाहुण्यांनी दोन-दोन शब्द बोलायचे, मग मी आभार मानायचे. माझी मैत्रीण शेवटी उठली. सगळ्यांबद्दल चांगलं बोलली आणि मग माझ्याकडं वळली. म्हणाली, "मला एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. माझ्या मैत्रिणीची आई खूप आजारी आहे, म्हणून मी तिच्या घरी जाऊ शकले नाही. मला आल्या दिवशीच सांगितलं गेलं की हिला त्याबद्दल विचारू नका, तिला त्रास होतो. मी विचारलं नाही. पण मी रोज त्यांची आठवण काढली. त्या लवकर बऱ्या होवोत."

सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

मी माइकपाशी कशी पोचले मला आठवत नाही. आभारांचे कागद खुर्चीवरच राहिले. आधी इंग्रजीत, मग मराठीत म्हटलं, "माझी आई आजारी नाही. ती ठणठणीत आहे. तिनं तुझ्यासाठी घर रंगवलंय. रविवारी स्वयंपाक करून ती तुझी वाट बघत होती. तुला कुणीतरी..."

"राष्ट्रगीतानं आपण कार्यक्रमाची सांगता करत आहोत," सूत्रसंचालकांचा आवाज माझ्या आवाजावर आला. "सर्वांनी कृपया उभं राहावं."

सगळे उभे राहिले. मीही राहिले, सावधान. राष्ट्रगीत चालू असताना हलायचं नाही हे आमच्या हाडीमाशी भिनलंय. मैत्रीण समोर उभी होती, हात खाली, डोळे भरलेले, आणि माझेही वाहत होते. पुसायला हात वर करायची सोय नव्हती. ते संपताच गर्दी झाली. तिनं मला घट्ट धरलं आणि "मला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं" एवढंच म्हणत राहिली. विमान चुकेल म्हणून तिला ओढून गाडीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरून मी घरी गेले. आई धुणं वाळत घालत होती. मी पिशवीही न ठेवता सगळं सांगून टाकलं. तू आजारी आहेस असं त्यांनी तिला सांगितलं, हे सांगताना मी हुंदके देऊन रडायला लागले.

आईनं पिळलेलं लुगडं पुन्हा बादलीत टाकलं. तिला त्यातलं खोटं बोलणं कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं. तरी ती खरंच कोड्यात पडल्यासारखी माझ्याकडं बघू लागली.

"आजारी हाय म्हनून सांगितलं?" ती म्हणाली. "मग तर आदी घेऊन याया पायजे हुतं की गं तिला. आजारी मानसाला तर वैरीबी भेटाया येतो."