नाण्यावरची बाई आणि मिल्का मावशी

गेल्या महिन्यातला रविवार. चौलला आमच्या ओटीवर मी नाणी मांडून बसलो होतो, तेवढ्यात फाटक वाजलं आणि मिल्का मावशी ताट घेऊन आत आली... मी घाईघाईत एक नाणं पेपरखाली सरकवलं.

माझं रेवदंड्यात औषधांचं दुकान आहे, पण जीव अडकलाय तो नाण्यांत. तीही पहिल्या शतकातली, रोमन आणि ज्यूंच्या देशातली. मुंबईच्या प्रदर्शनांतून, लिलावांतून एकेक जमवलेली. आपल्याकडची खारी हवा तांब्याला खाते, म्हणून गोळ्यांच्या बाटल्यांत ओल शोषणाऱ्या ज्या पुड्या येतात ना, त्या गोळा करून मी नाण्यांच्या डब्यात भरतो. बायको म्हणते, "घरातल्या माणसांना बुरशी आली तरी चालेल, यांच्या नाण्यांना नको." म्हणू दे!

मिल्का मावशी शेजारच्या वाडीतली. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू... जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणायची, कारण त्यांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद. माझी आई आजारी असायची, त्यामुळे लहानपणी मी निम्मं जेवण हिच्याच हातचं जेवलोय.

आता गुडघे गेले, एकटीने होईना, म्हणून मुलगा तिला कायमची इस्राएलला नेत होता. गुरुवारचं विमान. घर विकलं, पाटा-वरवंटा आम्हाला दिला, भांडीकुंडी वाटून टाकली... आणि एवढ्या सगळ्यात डोळ्यांतून टिपूस नाही. मला त्याचीच धास्ती होती. अशी कोरडी निघाली तर तिकडे जाऊन आतल्या आत कुढत बसेल.

तर ते लपवलेलं नाणं. नवीनच मिळालेलं. एका बाजूला रोमन बादशहा, दुसऱ्या बाजूला उंच झाड, आणि झाडाखाली कपाळाला हात लावून रडणारी एक बाई. ती बाई म्हणजे ज्यूंचा देश. 'बघा, कसं हरवलं यांना' हे मिरवायला रोमने पाडलेलं नाणं हो... घर सोडून निघालेल्या म्हातारीला हे दाखवायचं? छे!

तिच्या आवडीचं नाणं वेगळं. तिच्या लोकांनी रोमविरुद्ध बंड केलं तेव्हा स्वतः पाडलेलं, नखाएवढं, द्राक्षाच्या पानाचं. ते ती दरवेळी मागून घ्यायची आणि तळहातावर ठेवून बघत बसायची.

त्या दिवशी तिने मलिदा आणला होता. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. प्रवासाला निघण्याआधी एलियाहू नबीच्या नावाने करतात. ताट खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "काय लपवलंस रे? माझ्या झाडाचे पेरू चोरायचास तेव्हा पण तुझं तोंड असंच व्हायचं."

झालं! काढलं बाहेर. ती विचारत गेली आणि मीही गाढवासारखं सगळं खरं सांगत गेलो... शेजारी बसलेल्या बायकोने असे डोळे वटारले म्हणता!

मावशीने चष्मा लावला. नाणं उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिली.

"ही माडाखाली बसलीय."

अहो, तो माड नाही, खजूर! पण आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला उंच खोड आणि वर झावळ्या दिसल्या की माडच दिसणार. मी तोंड उघडलं, तर बायकोने पायावर पाय दिला.

"म्हणजे पोचली बिचारी," मावशी म्हणाली. "आमचे पूर्वज तिकडून आले आणि त्यांचं गलबत इथे नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, तेव्हा जी वाचली ती अशीच बसली असतील. माडाखाली, रडत. मग कुणी तरी येऊन पाणी विचारलं असेल..."

आणि तिचा बांध फुटला. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर आलं. "मी आता कुठे जाऊन बसू रे? तिकडे माड कुठला?"

बायकोचा पाय होताच पायावर, पण आता मला राहवेना. म्हटलं, "मावशी, खरं सांगू? हे खजुराचं झाड आहे. तिकडचंच. तू जातेयस ना, तिथे जागोजागी आहेत."

ती रडायची थांबली. परत नाणं बघितलं. मग पदराने नाक पुसत म्हणाली, "म्हणजे तिकडे पण बसायला झाड हाय."

माझा जीव भांड्यात पडला. त्या भरात मी म्हणून बसलो, हे घेऊन जा मावशी! आणि लगेच आठवलं की एवढं जुनं नाणं असं देशाबाहेर नेता येत नाही. माझा चेहरा बघून तिलाच हसू आलं.

"ऱ्हाऊ दे तिला इथेच, माडाखाली. फक्त एकटी नको ठेवू." मग तिनेच द्राक्षाच्या पानाचं नाणं उचललं आणि त्या बाईशेजारी ठेवलं. नंतर आम्ही तिघांनी मलिदा खाल्ला. ताट चाटूनपुसून साफ.

काल दुपारी दुकानात होतो, तर मावशीचा फोटो आला. कुठल्याशा बागेत, खजुराच्या झाडाखाली बाकावर बसलीय. खाली व्हॉइस मेसेज... "अरे, सावली थोडीच हाय. पण हाय. बाजूची बाई रोज पाणी विचारते."

समोर गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत होतं आणि मी डोळे पुसत होतो.

मावशीला तिकडे पाणी विचारणाऱ्या बाई, मला तुमचं नावही माहीत नाही... पण तुमचे फार उपकार आहेत आमच्यावर.