चूर्णातला अनोळखी वास

सत्तरच्या दशकात मी इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलच्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करत होते. जेलीला संत्र्याचा आणि सूपला मिऱ्याचा वास कसा द्यायचा, हे आमचं काम. घर मेडनहेडला, नवरा हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. त्या वर्षी सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांच्या वैद्यांनी दिलेलं पोटाचं चूर्ण चहाच्या जुन्या डब्यात भरून त्यांनी बरोबर आणलं होतं.

शेजारी सत्तरीच्या एक इंग्रज बाई एकट्या राहत. त्यांचं पोट कित्येक महिने बिघडलेलं होतं. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण पोटावर हात ठेवून तोंड वाकडं केलेलं कुणालाही कळतं. त्या कुंपणावरून चूर्णाच्या पुड्या देऊ लागल्या आणि दोन आठवड्यांत बाईंचं पोट सुधारलं. एका रविवारी बाई मला म्हणाल्या, की पुडी घेतली की झोप छान लागते, आणि हल्ली टीव्हीवरच्या बातम्यांचंसुद्धा हसू येतं. गुरुवारी त्या आपल्या जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडे, जाणार होत्या. एक पुडी त्यांना दाखवून यात काय आहे ते विचारणार होत्या.

तेव्हाच्या बातम्या म्हणजे संप आणि वीजकपात. त्यांचं हसू यावं हे मला खटकलं.

घरी येऊन डबा उघडला. जायफळ, लवंग, वेलची, मिरी लगेच ओळखू आली. त्यांच्या खाली आणखी काहीतरी होतं: सुकं गवत, कैरीचा चीक, बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सचा कडवटपणा. वास घेण्याचा मला पगार मिळत होता, तरी याचं नाव सापडेना. सोमवारी चमचाभर चूर्ण बाटलीत घालून लॅबमध्ये नेलं. शेजारच्या टेबलावरच्या केमिस्ट बाईंनी हुंगलं आणि त्या म्हणाल्या, "माझ्या मुलाच्या खोलीत येतो हा वास. तो अगरबत्ती आहे म्हणून सांगतो."

आमच्याकडे एक मशीन होतं. मिश्रणातले वास ते एकेक करून वेगळे करायचं. पेन कागदावर प्रत्येकासाठी डोंगरासारखं एक टोक काढायचं, आणि नळीच्या तोंडाशी नाक धरलं तर तो तो वास घेता यायचा. जेवणाच्या सुट्टीत मी नाक धरून बसले. आधी पाइनचं लाकूड आलं, मग आंबा आणि हॉप्स, मग लिंबाची साल. बराच वेळ काही नाही. मग लवंग, आणि तिच्यामागून मिऱ्याचा कोरडा, लाकडी वास. लवंग सोडली तर बाकीच्यांची नावं मला पाठ होती: पिनीन, मर्सीन, लिमोनीन, कॅरिओफिलीन. यांना टर्पीन्स म्हणतात. झाडं आपल्या तेलात ही वासाची द्रव्यं तयार करतात.

लायब्ररीतल्या पुस्तकात पाहिलं, तर गांजाच्या झाडात हीच चार होती. पण पहिली तीन जायफळातही होती आणि चौथं लवंगेत आणि मिऱ्यात. म्हणजे माझ्या कागदावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. शिवाय नशा आणणाऱ्या द्रव्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, असं पुस्तक म्हणत होतं. मग बाईंना झोप कशाने येत होती? जायफळानेही येते. नुसत्या वासांचा काही परिणाम होतो का, हे पुस्तकात नव्हतं आणि मला फार जाणून घ्यायचं होतं.

मंगळवारी संध्याकाळी चहा पिताना मी सरळ विचारलं, "आई, चूर्णात काय काय आहे?"

त्यांनी बोटांवर मोजलं. जायफळ, लवंग, वेलची, मिरी, सुंठ. "आणि भांग. तुपात परतून घेतलेली."

मी मशीनचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, मग आधीच विचारायचंस ना मला."

नवऱ्याने कप खाली ठेवला. जीपींनी पुडी तपासायला पाठवली तर काय होईल, ते त्याने एका दमात सांगितलं.

"मी काय चोरी केली आहे?" सासूबाई म्हणाल्या. "वैद्यांनी दिलेलं औषध आहे."

"आई, इथे ते औषध नाही, गुन्हा आहे. माझी डॉक्टरकी जाईल."

 सासूबाईंनी उठून डबा टॉयलेटमध्ये रिकामा केला, दोनदा फ्लश केलं, आणि रिकामा डबा मला घासायला दिला.

राहिल्या शेजारच्या पुड्या. औषध जुनं झालंय असं सांगून त्या परत आण, असं नवऱ्याचं म्हणणं होतं. मला ते पटलं नाही. बाई हुशार होत्या, त्यांनी उलट आणखी प्रश्न विचारले असते. बुधवारी अर्धी सुट्टी घेऊन मी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं, नवऱ्याच्या नोकरीसकट.

 बाईंनी घड्याळामागून तीन पुड्या काढून माझ्या हातावर ठेवल्या आणि विचारलं, की ते एक वगळून चूर्ण केलं तर पोटाला चालेल का. मी म्हटलं, ठाऊक नाही. वास बहुतेक तोच राहील, बाकीचं घेऊनच कळेल.

"मग करून आणा," त्या म्हणाल्या. "उद्या डॉक्टरांना मी एवढंच सांगेन की पोट आता बरं आहे. ते खरंच आहे."

शनिवारी हाउन्सलोच्या भारतीय दुकानात जाऊन मी नव्या चूर्णासाठी जायफळं घेऊन आले.